शेवटचं पान आधी

मला एक वाईट खोड आहे, पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडून बघते. रहस्यकथांच्या बाबतीत नाही हां, तेवढी लाज शिल्लक आहे, पण दोन मुलग्यांची किंवा दोन मुलींची लव्हस्टोरी असली की आधी शेवट, मग चहा, मग पहिलं पान. कारण असं की कॉलेजपासून असलं जे जे काही हाताला लागलं त्यात शेवटी कुणीतरी मेलेलं असायचं, किंवा घरच्यांनी बोहल्यावर चढवलेलं असायचं, किंवा मग विमानात बसून कायमचं गेलेलं. दोन-तीनदा असा दणका खाल्ल्यावर ठरवलं की बाई, विहिरीत पाणी आहे का बघूनच उडी मारायची.

तर गेल्या महिन्यात एका मावसबहिणीचा रात्री साडेअकराला मेसेज. वय एकोणीस, बाकी तिच्याबद्दल इथे काही लिहीत नाही. "ताई जागी आहेस का, पुस्तकं सांग ना, तसली, ज्यात कुणी मरत नाही." तसली! मी पाच मिनिटं त्या शब्दाकडे बघत बसले, मग टाइप करायला घेतलं ते इतकं लांबलं की व्हॉट्सॲपवर माझेच मेसेज वाचायला अंगठा दुखायला लागला. म्हणून तेच जरा झटकून-पुसून इथे टाकतेय.

सोप्यापासून सुरुवात करू. केसी मॅक्विस्टनचं 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू', २०१९ चं. अमेरिकेच्या प्रेसिडेंट बाईंचा मुलगा अ‍ॅलेक्स आणि इंग्लंडचा राजपुत्र हेन्री यांचं एकमेकांशी जाम पटत नसतं, हेन्रीच्या भावाच्या लग्नात दोघं हुज्जत घालता घालता त्या भल्यामोठ्या केकवर जाऊन आदळतात, आणि मग दोन्ही सरकारांची अब्रू वाचवायला दोघांना जिगरी दोस्त असल्याचं नाटक करावं लागतं. पुढे काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल, आपल्या सिरियलींनी हा फॉर्म्युला घासून गुळगुळीत केलाय. पण त्यातल्या मुलांनी एकमेकांना लिहिलेल्या ईमेल्स फार गोड आहेत. अमेरिकन निवडणुकीचं प्रकरण जरा जास्तच लांबतं, तिथे मी पानं उडवली, तुम्हीही उडवा, काही बिघडत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा असलं पुस्तक वाचताना मी मोठ्याने हसले होते, आणि तेव्हा लक्षात आलं की अरे, यात हसायचीही सोय असते!

याच लेखकाचं 'वन लास्ट स्टॉप' (२०२१) दोन मुलींचं आहे. न्यूयॉर्कच्या सबवेत ऑगस्टला रोज एक मुलगी दिसते, लेदर जॅकेटवाली, आणि मग कळतं की ही जेन सत्तरच्या दशकातून येऊन त्या एका ट्रेनमध्येच अडकून पडलीय, बाहेर पडताच येत नाही तिला. मी रोज डोंबिवलीहून लोकलने येणारी-जाणारी बाई, मला यात अशक्य असं काहीच वाटलं नाही.

ज्यांना जाडं पुस्तक नको त्यांनी अ‍ॅलिस ओसमनचं 'हार्टस्टॉपर' घ्यावं, कॉमिक आहे, दीड तासात एक भाग संपतो. निक आणि चार्ली, शाळेतली दोन मुलं, शेजारी शेजारी बसतात, बस. नेटफ्लिक्सवर २०२२ पासून सिरीज आहे तीही छान, पण चित्रांची मजा वेगळी, दोघांच्या आजूबाजूला झाडाची पानं उडत असतात आणि कितीतरी चौकटींत एकही शब्द नसतो. बहिणीला हेच पहिलं दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज, "दुसरा भाग आहे का गं?"

'हेन्ना वॉर्स' पण त्याच वयाचं. आदिबा जयगीरदारचं, २०२०. डब्लिनमध्ये राहणारी बांगलादेशी घरातली निशात, शाळेतल्या बिझनेस कॉम्पिटिशनसाठी मेंदी काढायचा धंदा टाकते आणि फ्लाव्हिया नावाची मुलगी, जी हिला मनापासून आवडते, तीही मेंदीचाच धंदा टाकते. मेंदी कुणाची, कुणी काढायची, यावरून भांडण आणि आतून भलतंच. पण मला त्यात मुलींच्या प्रेमापेक्षा घर जास्त आवडलं. निशात आईबाबांना सांगते, आणि आरडाओरडा वगैरे काही होत नाही, शांतता होते. जेवणाच्या टेबलावरची ती शांतता. 'लोक काय म्हणतील' हे आपल्याकडचंच आहे असं आपल्याला उगाच वाटतं.

आता माझं लाडकं. पॅट्रिशिया हायस्मिथचं 'द प्राइस ऑफ सॉल्ट', ज्याला हल्ली 'कॅरल' म्हणतात. १९५२ चं पुस्तक, आणि तेव्हा बाईंनी ते स्वतःच्या नावाने छापलं नाही, क्लेअर मॉर्गन असं टोपणनाव घेतलं. स्वतःच्या नावाने आलं थेट १९९० साली, म्हणजे अडतीस वर्षांनी. झालं होतं असं की १९४८ च्या ख्रिसमसच्या सीझनमध्ये हायस्मिथ पैशांसाठी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागात काम करत होत्या, तिथे एक फर कोट घातलेली बाई आली, बाहुली घेतली, पत्ता देऊन निघून गेली. झालं एवढंच. पण हायस्मिथ घरी गेल्या आणि त्या संध्याकाळी बसून अख्ख्या कादंबरीचा आराखडा लिहून काढला, आणि लगेच कळलं की अंगात ताप आहे तो कांजण्यांचा! प्रेमाची लागण आणि कांजण्या एकाच दुकानातून.

कादंबरीत बाहुल्यांच्या काउंटरमागे उभी असलेली एकोणीस वर्षांची थेरेस आहे आणि समोर आलेली कॅरल, नवऱ्यापासून वेगळी होत असलेली, एका मुलीची आई. पुढे दोघी गाडी घेऊन निघतात, मागे नवऱ्याने लावलेला डिटेक्टिव्ह, मुलीच्या ताब्यासाठी कोर्टकचेरी, सगळं आहे. वाटतं आता संपलं, आता एक जण मरणार किंवा नवऱ्याकडे परत जाणार. कारण तेव्हाचा दंडकच तसा होता. त्याच साली, १९५२ मध्येच, 'स्प्रिंग फायर' नावाचं एक पुस्तक आलं, दोन कॉलेजच्या मुलींचं, आणि त्या लेखिकेला प्रकाशनाने स्पष्ट सांगितलं होतं की शेवट सुखाचा ठेवायचा नाही, नाहीतर पोस्ट खातं पुस्तकं जप्त करेल. म्हणजे शेवट कसा करायचा हे लेखिका नाही, पोस्टमन ठरवणार! आणि अशा काळात हायस्मिथबाईंनी शेवटच्या पानावर त्या दोघींना... जाऊ दे, सांगत नाही. एवढंच सांगते की एक जण लांबून हात वर करते. तेवढंच. मी ते पान किती वेळा वाचलंय याचा हिशोब नाही.

हे पुस्तक मी किंडलवर वाचत होते. किंडलचा एक मोठा फायदा म्हणजे कव्हर दिसत नाही. सकाळची फास्ट, लेडीज डबा, मी खिडकीशी आणि माझ्या शेजारच्या मावशी मान वळवून माझ्या स्क्रीनमध्ये. ठाणं गेलं, मुलुंड गेलं, मी पान उलटलं की त्या "हं" म्हणायच्या. मला आधी वाटलं झोपेत आहेत. घाटकोपरच्या आसपास मी फोन बघायला किंडल खाली ठेवला तर म्हणतात, "त्या दोघी मग भेटतात का परत?" मी एकदम गार. काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, "हो, मी शेवटचं पान वाचलंय, भेटतात." "बरं झालं," म्हणाल्या, पर्स सावरली आणि दादरला उतरून गेल्या. मी हे घरी येऊन सांगितलं तर माझी ती म्हणे तू बनवून सांगतेयस. आईशप्पथ नाही.

'मॉरिस' मात्र सावकाश वाचायचं पुस्तक आहे. ई. एम. फॉर्स्टर, आपल्याकडे 'अ पॅसेज टु इंडिया'वाले म्हणून माहीत. हे त्यांनी १९१३-१४ मध्ये लिहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. मित्रांना वाचायला द्यायचे, मध्येमध्ये दुरुस्त्या करायचे, पण छापलं नाही, छापलं गेलं १९७१ साली, ते गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. त्यांनी नंतर जोडलेल्या टिपणात लिहिलंय की शेवट सुखाचा हवाच, नाहीतर लिहायचा खटाटोपच केला नसता. आणि गंमत बघा, ते म्हणतात की शेवट दुःखाचा केला असता, एखाद्याला फासावर लटकवलं असतं, तर छापायला काही अडचण आली नसती. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारा कायदा बदलला १९६७ ला, तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. इंग्रजांनी आपल्याकडे ठेवून दिलेलं तसलंच कलम ३७७ मात्र आपण ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत नीट जपून ठेवलं, आजीच्या पितळेच्या डब्यासारखं.

गोष्ट म्हणाल तर मॉरिस हा अगदी साधा, जरा ठोंब्याच म्हणावा असा मुलगा, केंब्रिजमध्ये क्लाइव्हच्या प्रेमात पडतो, क्लाइव्ह हुशार, जमीनदार, ग्रीक वगैरे वाचलेला, तोच आधी प्रेम कबूल करतो आणि तोच नंतर एके दिवशी ठरवतो की आपण आता बदललो, आणि लग्न करतो. असे क्लाइव्ह मी तीन पाहिलेत, त्यातल्या एकाच्या लग्नात अक्षताही टाकल्यात. मग येतो अ‍ॅलेक, क्लाइव्हच्याच इस्टेटीवरचा शिकारखान्याचा नोकर, रात्री शिडी लावून खिडकीतून आत. मालक-नोकर हा भाग फॉर्स्टरनी सोडून दिलेला नाही, दोघांना एकमेकांचा संशय येतो, पैशांवरून ब्लॅकमेलपर्यंत गोष्ट जाते, आणि तरीही. म्हणून मला ते खरं वाटतं.

आणि एक आपल्या घरचा धागा. हेच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे प्रायव्हेट सेक्रेटरी होते, पवारांची मराठी गादी ती. तिथली गोकुळअष्टमी त्यांनी 'द हिल ऑफ देवी'मध्ये लिहून ठेवलीय. म्हणजे हा माणूस मराठी दरबारात गुलालात माखून उभा होता तेव्हा त्याच्या कपाटात मॉरिस आणि अ‍ॅलेकचं पुस्तक लिहून तयार होतं. मला हे कळलं तेव्हा उगाचच आपल्या लांबच्या नात्यातलं कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

आता मराठी. इथे सुखाच्या शेवटाची अट मोडावी लागते, बहिणीला आधीच सांगितलंय.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', मौज, २००६. पुण्यातलं जोशी कुटुंब, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट येतो, घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात आणि मुलगी अनुजाही त्याच्याच प्रेमात. आणि तो अनुजाला घेऊन पळून जातो, मग तिलाही टाकून जातो. पुस्तकाचे दोन भाग, आधी तनय बोलतो, मग अनुजा. त्या माणसाला शेवटपर्यंत नावच नाही. तनय त्याच्याशी 'तू' 'तू' करत बोलत राहतो, समोर नसलेल्या माणसाशी. जेरी पिंटोंनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर सिनेमाही आला, स्वतः कुंडलकरांनीच केलेला, पण त्यात घर पुण्यातून उचलून केरळात कोचीला नेलंय. सिनेमा दिसायला फार सुंदर. पण ज्यांना मराठी येतं त्यांनी आधी पुस्तकच वाचा, कारण ते घर, म्हणजे ती आई, ते बाबा, त्यांचे बोलायचे टोन, ते मराठीतच लागतात कानाला.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू तनयच्या विरहाचं आलं नव्हतंच. अनुजा परत येते तेव्हा सगळं घर तिच्याभोवती, तिच्यावर चिडतं, तिला जपतं, तिच्याबद्दल कुजबुजतं. तिचं दुःख म्हणजे घरातली घटना असते. आणि त्याच घरात तनय, त्याच माणसाने सोडलेला, त्याला कुणी विचारत नाही की तू जेवलास का. कारण कुणाला माहीतच नाही की त्याचं काही हरवलंय. एका छपराखाली एकाच माणसासाठी दोन विरह, एकाला सुतक आणि एकाला काहीच नाही. हे मी आईला वाचायला दिलं होतं, तेव्हा मी घरी काही बोललेले नव्हते. आठ दिवसांनी पुस्तक टेबलावर परत. "त्या मुलाकडे कुणाचं लक्षच नाही गं," एवढं म्हणून ती भाजी निवडायला बसली. मी आत जाऊन पंखा फुल केला आणि रडले. बोलले त्यानंतर वर्षाने, पण मला वाटतं तिने तेव्हाच वाचलं होतं, पुस्तक नाही, मला.

दुसरं, बिंदुमाधव खिरेंचं 'पार्टनर'. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू करणारे ते. हे पुस्तक घडवून लिहिलेलं कमी आणि जीव तोडून सांगितलेलं जास्त आहे, एका गे मुलाचं मोठं होणं. भाषा साधी, कुठेकुठे माहितीपुस्तिकेसारखी, पण ज्याला घरात बोलायला कुणी नाही त्याच्यासाठी ती माहितीपण सोन्याची. हे मी लायब्ररीत मागितलं तर काकांनी आनंदाने वपुंचं 'पार्टनर' काढून दिलं. म्हटलं काका हे नाही, दुसरं. "दुसरं कुठलं? पार्टनर म्हणजे वपुंचंच!" पाठीमागे रांग, मी काय एक्स्प्लेन करणार, घेतलं वपुंचं, घरी नेलं, वाचलंही परत एकदा. वपु काही वाईट नाहीत, पण मी खिरेंचं नंतर पुण्याहून मागवलं.

शब्दावरून आठवलं. इंग्रजीत 'माय पार्टनर' म्हणून वर्षानुवर्षं ऑफिसात निभावता येतं. मराठीत दुसऱ्याच शब्दाला क्रियापद तुम्हाला पकडून देतं. आला की आली? केला की केली? माझी एक मैत्रीण पाच वर्षं घरी फोनवर आदरार्थी बोलायची, "ते आलेत, ते जेवले, त्यांना बरं नाहीये." तिच्या आईला वाटायचं पोरीला एकदम सज्जन, वयस्कर घरमालक मिळालाय. असं काहीतरी एखाद्या कादंबरीत यायला हवं राव, इतका फुकटचा मसाला आपल्या व्याकरणातच पडून आहे.

तेंडुलकरांनी १९८१ मध्येच 'मित्राची गोष्ट' लिहिलं होतं, त्यातली सुमित्रा, मित्रा, मुलीवर प्रेम करणारी. नाटक जबरदस्त, धाडस तर विचारूच नका, पण शेवटी मित्रा जगत नाही. काल हे बहिणीला सांगितलं तर तिने फक्त डोळे फिरवणारी इमोजी पाठवली.

मुंबई हवी असेल तर आर. राज राव यांचं 'द बॉयफ्रेंड', २००३, इंग्रजीत आहे. फ्रीलान्स पत्रकार युडी आणि मिलिंद महाडिक, चर्चगेट स्टेशनच्या मुतारीत गाठ पडते तिथून सुरू. जात, पैसा, ९२-९३ च्या दंगली, लग्नाचा दबाव, सगळं त्यात आहे. रोमान्स म्हणून घ्याल तर फसाल, हे खरखरीत पुस्तक आहे, लेखक कुणालाच गोड दाखवत नाही, युडीला तर अजिबात नाही, खालच्या जातीतल्या, गरीब पोराबद्दलचं त्याचं आकर्षण किती प्रेम आणि किती माज हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. पण आपल्या रोजच्या स्टेशनांवर, आपल्या नाकाखाली, कुणाची तरी आख्खी प्रेमकथा चालू होती हे वाचून मी चर्चगेटला उतरल्यावर वेगळंच बघायला लागले.

मॅडलिन मिलरचं 'साँग ऑफ अकिलीस' सगळेच सुचवतात, मीही सुचवते, अकिलीस आणि पॅट्रोक्लस, ट्रॉयचं युद्ध. दोघं मरणार हे होमरच्या काळापासून सगळ्यांना माहीत, म्हणजे अट मोडतेच. पण कर्ण मरणार हे माहीत असून आपण 'मृत्युंजय' हातातून ठेवतो का? तसंच. आणि सारा वॉटर्सचं 'फिंगरस्मिथ', २००२, व्हिक्टोरियन लंडन, चोरांच्या घरात वाढलेली सू, मोठ्या हवेलीतली मॉड, फसवाफसवी. याचं शेवटचं पान मात्र आधी वाचू नका. मी वाचलं होतं. अर्ध्यात जो झटका बसतो त्याची पाऊण मजा मी स्वतःच्या हाताने घालवली, आजपर्यंत हळहळतेय.

बहिणीने परवा विचारलं, "ताई, मराठीत एकपण नाही का गं, जिथे दोघी शेवटी आपल्या घरात असतात, गॅस संपला म्हणून भांडतायत वगैरे?" माझ्या वाचनात तरी आलेली नाही. कुणी लिहिली असेल, लिहीत असाल, तर कमेंटमध्ये नाव टाका, विकतच घेईन. शेवटचं पान आधी बघेन, तेवढा राग मानू नका.